कापणाऱ्याचा वाटा

फणस कापायला अण्णांनी घरात कुणाला शिकवलंच नाही. गॅसचा सिलिंडर बदलायला शिकवलं, स्टेशनात शिरताच गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते ओळखायला शिकवलं, डोशाचा पहिला तुकडा चटणीशिवाय का खायचा तेही शिकवलं. पण फणस आला की "सरका तिकडे, चीक लागेल" म्हणून सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर हाकलायचे आणि आत एकटेच बसायचे. त्यामुळे त्यांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या घरात, जमिनीवर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर तो भलामोठा काटेरी फणस आणि त्याच्यासमोर सुरी घेतलेली त्यांची मुलगी स्मिता, असे दोघे बराच वेळ एकमेकांकडे बघत बसले होते.

"सुशांत, आधी उभा कापायचा की आडवा रे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

सुशांत धोतराच्या निऱ्यांशी झगडत होता. अण्णांना मुलगा नव्हता, म्हणून श्राद्धाला जावईच बसणार होता. "व्हिडिओ बघ ना एखादा," तो म्हणाला. "मी पुण्याचा माणूस. आमच्याकडे गरे डब्यातून यायचे. आणि सीरियसली, सोललेले गरे ऑनलाइन मिळतात गं."

"मिळू देत. हा मीच कापणार," स्मिता म्हणाली, आणि हाताला खोबरेल तेल चोळायला लागली. एवढं मात्र तिनं दाराच्या फटीतून लहानपणी पाहिलं होतं.

अण्णा, म्हणजे दयानंद, मूळचे खानापूरचे. रेल्वेच्या नोकरीनं त्यांना बेंगळुरूला आणलं आणि यशवंतपूरच्या पार्सल ऑफिसात बसवलं. बसवलं म्हणायचं एवढंच. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला रेल्वेनं वर फुकटचा पास द्यावा, यापेक्षा मोठा अविचार नाही. वर्षाचे पास ते असे वापरायचे, की बायको कौतुकानं आणि वैतागानं म्हणायची, यांना घर हे एक मोठं स्टेशन आहे, गाडी थोडी जास्त वेळ थांबते इतकंच. ती बिचारी स्मिताच्या लग्नानंतर लवकरच गेली. मग तर अण्णांना थांबवणारं कुणीच उरलं नाही.

बरं, फिरून येऊन हा माणूस सांगायचा काय? रामेश्वरला जाऊन आले, तर देवळाबद्दल एक वाक्य आणि देवळामागच्या खानावळीतल्या रसमबद्दल अर्धा तास. आग्र्याचा ताजमहाल "ठीक आहे, पांढरा आहे," आणि तिथला पेठा मात्र डोळे मिटून वर्णन करण्याजोगा. देव, डोंगर, समुद्र हे सगळं त्यांच्या लेखी दोन जेवणांच्या मधलं. पण एकट्यानं खाल्लं असं कधी झालं नाही. येताना पिशव्या भरून आणायचे, शेजाऱ्यांना हाका मारायचे आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसायचे. खाणाऱ्याच्या भुवया वर गेल्या, की यांचा प्रवास सुफळ झाला.

आणि या सगळ्यांच्या वर, सिंहासनावर, फणस. खानापूरच्या घरामागं फणसाचं झाड होतं आणि अण्णांचं अर्धं बालपण त्याच्या फांदीवर गेलं होतं. एकदा केरळातून ते असला पिकलेला फणस घेऊन आले, की डब्यातल्या लोकांनी तिकीट तपासनिसाकडे तक्रार केली. तपासनीस तरातरा आला, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत अण्णांच्या बाकावर बसून गरे खात होता. ही गोष्ट अण्णा दर उन्हाळ्यात सांगायचे आणि दर उन्हाळ्यात त्या तपासनिसानं खाल्लेले गरे वाढत जायचे.

फणसानं पहिला घाव कसाबसा सोसला. दुसऱ्याला सुरी आतच अडकली. पांढरा चीक बोटांना, मनगटाला, शेवटी स्मिताच्या केसांनाही लागला. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात पंधरा जणांच्या टीमला नाचवणारी बाई फणसापुढे पार हतबल झाली. तिची अकरा वर्षांची लेक मैत्रेयी दारात उभी राहून बघत होती.

"अज्जा आधी मधला दांडा काढायचे," ती म्हणाली. आजोबांना ती अज्जा म्हणायची, या गल्लीतली सगळीच पोरं म्हणतात तसं.

"तुला कसं माहीत? तुला आत येऊ द्यायचे?"

"मला एकटीलाच."

स्मिताला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर हे असंच चाललं होतं. रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासन्‌तास उभी असली, की अण्णा असते तर खाली उतरून जवळपास काय मिळतं ते बघून आले असते, असं मनात यायचं आणि ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायची. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवला की पुढं सरकायची आणि पुन्हा रडायची.

या फणसाचं मात्र वेगळं होतं. हा तिनं कबूल केलेला फणस होता.

गेल्या ज्येष्ठात अण्णा हॉस्पिटलात होते. फुप्फुसांत पाणी साठत होतं, आणि तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. या माणसाला! नळीतून जाणाऱ्या त्या दुधट पाण्याकडे अण्णा असे बघायचे, की जणू कुणा परक्याचं पार्सल चुकून आपल्या पत्त्यावर आलंय. एका संध्याकाळी त्यांनी मास्क बाजूला करून विचारलं, "फणस आले का गं बाजारात?"

"आलेत की. ढीग लागलेत गांधी बाजारात."

"कोण कापणार?"

"कोण म्हणजे? तुम्हीच. घरी या, पहिला फणस तुमच्या पुढ्यात ठेवते. पोटभर खा. कुणी अडवणार नाही."

अण्णा नुसते हसले. मास्क लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. बापाचं शेवटचं मागणं एक फणस, आणि आपण तो एक गराही त्यांच्या तोंडात घालू शकलो नाही, हे स्मिताच्या मनात जे रुतून बसलं ते काही केल्या निघेना. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, समुपदेशकाकडे जा. ती गेलीही. त्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांना फणसाचं काय कळणार?

शेवटी उपाय सुचवला तो भीमाचार्यांनी. ते अण्णांचे जुने स्नेही, धारवाडकडचे, अण्णांच्या घरची सगळी धर्मकृत्यं तेच करायचे. वर्षश्राद्धाचं ठरवायला ती गेली तेव्हा ते आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "त्यांना आवडत होतं ते पानात वाढा, अम्मा. फणस असला तर फारच उत्तम. पितरांना फणस बहळ, खूप आवडतो." स्मिता तिथेच रडायला लागली. आचार्यांना वाटलं, आपलं काही चुकलं.

म्हणजे आज पानावर फणस वाढायचा, अण्णांना पोटभर घालायचा आणि तो दिलेला शब्द पुरा करायचा. एवढ्यासाठी तिनं आठवडाभर रोज गांधी बाजारात चक्कर मारली होती. कोपऱ्यावरच्या यल्लव्वाच्या गाडीवर फणस ठोकून, हुंगून, परत ठेवून तिनं त्या बाईचं डोकं उठवलं होतं. शेवटी यल्लव्वानंच हा निवडून दिला. "अण्णा हुंगायचे तस्सं हुंग की," ती म्हणाली होती. "डोळे मिटून. किती वेळ उभं राहायचे, मला वाटायचं झोपले काय."

गरे एकदाचे निघाले. अण्णांच्या हातचे असायचे तसे अखंड, पिवळेधमक नाहीत, कुठे फाटलेले, कुठे भोवतीची पाती चिकटलेली, पण निघाले. घरभर तो वास सुटला. खालच्या मजल्यावरच्या अक्का, ज्यांना दर उन्हाळ्यात अण्णांकडून डबा जायचा, त्या जिन्यातून डोकावून म्हणाल्या, "वास आला हं, स्मिता! अण्णाच आले असं वाटलं." स्मितानं सगळ्यांत सुंदर गरे निवडून एका वाटीत वेगळे ठेवले.

आता आत्याची वाट बघायची होती. महानंदाआत्या, अण्णांची थोरली बहीण, खानापूरहून निघाली होती आणि गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. अण्णा असताना ते स्वतः यशवंतपूरला जाऊन तिला उतरवून घ्यायचे आणि घरी आणेपर्यंत वाटेत दोन ठिकाणी खायला घालायचे. या वेळी टॅक्सी पाठवली होती. आत्या आली तेव्हा होम आटोपला होता आणि केळीची पानं मांडली जात होती. तिनं पाय धुतले, भावाच्या फोटोला हात जोडले, आणि भिंतीला टेकून बसली. भाऊ गेल्यापासून ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती.

अण्णांच्या नावाचं पान स्मिता स्वतः वाढत होती. मीठ, लिंबू, कोशिंबीर, गवारीची भाजी, वडे, खीर, तूप. आणि मग तिनं ती वाटी उचलली आणि एकेक गरा पानाच्या उजव्या कोपऱ्यात मांडायला लागली. घ्या अण्णा, ती मनात म्हणाली. उशीर झाला, पण घ्या.

"हे काय वाढालीस गे?" आत्या भिंतीपासून सरसावून बसली.

"फणस, आत्या. मी कापला. त्यांचा राहून गेला होता ना."

"उचल."

"काय?"

"उचल म्हणते ते आधी. दया फणस खात न्हवता."

क्षणभर स्मिताला वाटलं, प्रवासानं आत्याला भ्रम झालाय. सुशांतनं तिच्याकडे बघितलं. "आत्या," स्मिता हळू आवाजात, लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली, "अण्णा आणि फणस खात नव्हते? दर वर्षी पाच-सहा फणस कापायचे."

"कापत होता. खात न्हवता. काशीत सोडला न्हवं त्यानं."

"काशीत त्यांनी दुधी सोडला होता."

"दुधी!" आत्याच्या तोंडून हसू फुटलं आणि तिथंच त्याचं रडू झालं. "दुधी लोकास्नी सांगायला. दुधी तो सोडायच्या आधी तरी कधी खात होता?"

ही काशी स्मिता विसरली नव्हती. विसरण्यासारखी नव्हतीच. मैत्रेयी दोन महिने आधी जन्मली होती. तळहातावर मावेल एवढी, काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. डॉक्टर रोज "बघू" म्हणायचे, दुसरं काही म्हणायचे नाहीत. आणि त्या दिवसांत अण्णा एकाएकी बहिणीला घेऊन काशीला निघून गेले. स्मिता ओल्या बाळंतिणीच्या अंगानं हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली, आणि बाप यात्रेला! तिनं फोनवर त्यांना नको नको ते ऐकवलं. तुम्हाला फिरण्यापुढे आणि खाण्यापुढे कुणी दिसतच नाही, म्हणाली. तुमची काशी तुम्हाला लखलाभ. पलीकडून अण्णा एवढंच म्हणाले होते, "होय बाळ. येतोच." मैत्रेयी वाचली, घरी आली, राग ओसरला, पण काशीचा विषय निघाला की स्मिता एखादा टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. काय हो, कचोरी कशी होती? आणि अण्णा सांगायचे, फार सुंदर होती. वर दुधीचा विनोद करायचे. काशीला जाऊन आवडीची वस्तू सोडायची असते, पण सगळे कारलं सोडतात, मुळा सोडतात. मी दुधी सोडला, देवाला फसवलं, म्हणायचे. घरात त्यावरून त्यांची किती चेष्टा व्हायची.

"घाटावर गुरुजींनी विचारलं, काय सोडताय," आत्या सांगत होती. "मी पडवळ म्हटलं नि मोकळी झाले. ह्यो बोलंचना. पाण्यात उभाच. मग म्हणाला, फणस. मी म्हटलं, अरे दया, कायतरी दुसरं सोड. पेरू सोड. तर मला म्हणतो, अक्का, मागतोय केवढं आणि द्यायचा पेरू?"

मैत्रेयी आईच्या पाठीशी उभी होती.

"मग मला का नाही सांगितलं?" स्मिताचा आवाज चढला. खरं म्हणजे तिला संताप आला होता. इतके उन्हाळे! इतके उन्हाळे हा माणूस दाराआड बसून फणस कापत होता आणि तिला एका शब्दानं बोलला नाही. "मी त्यांना काय काय बोलले, आत्या. तुला तरी सांगता आलं असतं."

"शपथ घातली न्हवं मला. बोललं की नेम जातो, म्हणाला. आणि स्मिताला कळलं तर रडेल नि मला खायला लावेल, तिच्यापुढं माझं चालत नाही."

"पण आम्ही बघत होतो ना!" स्मिता म्हणाली. "दर वर्षी मी विचारायची, अण्णा, तुम्ही घ्या की. तर म्हणायचे..." आणि ती बोलता बोलता थांबली. काय म्हणायचे ते तिला आठवलं. घामेजलेले, हाताला चीक, परातभर गरे घेऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, माझं झालं कापतानाच. आणि कुणीही, कधीही, पुन्हा विचारलं नाही. कापणारा आधी खातो, हे कुणाला माहीत नाही?

"मला माहीत होतं," मैत्रेयी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती गोंधळली. "म्हणजे, काशीचं नाही माहीत. पण अज्जा नाही खायचे. आत मी एकटी खायची आणि ते बघायचे. मी म्हटलं होतं, तुम्ही पण घ्या. तर म्हणाले, तू खा, मला तेवढ्यात चव कळते. आमटीतल्या आठळ्यापण माझ्या ताटात टाकायचे. मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

फणस आले का गं बाजारात? कोण कापणार? स्मितासमोर हॉस्पिटलमधली ती संध्याकाळ उभी राहिली. वर्षभर तिनं ते आपल्या समजुतीप्रमाणे ऐकलं होतं. अण्णा स्वतःसाठी काही मागत नव्हते. उन्हाळा संपत आला होता, ते खाटेला खिळले होते, आणि घरात ही पोर फणसाविना राहणार होती, याची त्यांना काळजी लागली होती. कोण कापणार, हाच खरा त्यांचा प्रश्न होता, आणि तिनं त्याचं उत्तर दिलंच नव्हतं. तिनं पदर तोंडाशी धरला. मग जे रडू आलं ते वर्षभरातल्या रडण्यासारखं नव्हतं. आत्यानं तिला जवळ ओढलं आणि दोघी त्या अर्धवट वाढलेल्या पानाशेजारी बसून रडल्या.

होमापाशी बसलेले भीमाचार्य पळीभांडं आवरत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "अम्मा, पान स्वल्प लवकर वाढलं तर बरं. खीर गार होते."

"आचार्य, तुम्ही सांगा," सुशांत म्हणाला. "आता तर ते गेले. नेम जिवंतपणी होता. आता द्यायला काय हरकत आहे? लॉजिकली, आता ते फ्री आहेत ना?"

"असं कुठं माझ्या वाचनात आलेलं नाही," आचार्य प्रामाणिकपणे म्हणाले. "द्या म्हणणारेही आहेत, नको म्हणणारेही आहेत. हे घरातल्यांनी ठरवायचं."

"नको," आत्या म्हणाली. "ज्या जिवासाठी सोडलं तो जीव समोर उभा आहे. त्यानं दिलेलं परत त्याच्या पानात घालू नका."

स्मिता पानाकडे बघत होती. शनिवारी उपास करणाऱ्या टीममधल्या पोरांची चेष्टा करणारी, मांजर आडवं गेलं तर गाडीचा वेग वाढवणारी बाई ती. सुशांतचं म्हणणं तिला पटतही होतं. अण्णांनी खावं, आता तरी खावं, असं तिच्या आतून ओरडून येत होतं. एवढं आवडतं ते एवढी वर्षं नुसतं हुंगत राहिले, बाजारात डोळे मिटून उभे राहिले. आता कोण त्यांना अडवणार होतं? पण पाठीशी मैत्रेयीचा श्वास तिला ऐकू येत होता. तोच श्वास, जो एकेकाळी ती काचेवर कपाळ टेकून मोजत बसायची. या पोरीच्या बाबतीत तिची कसलीही जोखीम घ्यायची तयारी नव्हती. अण्णांची तरी कुठे होती?

तिनं एकेक गरा पानातून उचलला आणि परत वाटीत ठेवला. शेवटचा गरा उचलताना तिनं तो जरा वेळ पानावर तसाच धरला, वास तरी जाऊ दे म्हणून, आणि मग उचलला. उजवा कोपरा रिकामा राहिला. "सरी, बरं झालं," आचार्य म्हणाले आणि त्यांनी मंत्र सुरू केले.

पुढचं सगळं रीतसर झालं. पिंड झाले, आचार्य जेवले, दक्षिणा घेऊन आशीर्वाद देऊन गेले. घरातली पानं उठली. मग मैत्रेयीनं कुणी न सांगता ती वाटी घेतली आणि अज्जाच्या फोटोसमोर मांडी घालून बसली. मैत्रेयीनं एक गरा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आठळी काढून शेजारच्या ताटलीत ठेवली.

"कापा फणस आहे, अज्जा," ती फोटोला म्हणाली. "गोड आहे. आईनं थोडा वाकडा कापलाय."

आणि मग दुसरा गरा. फोटोत अण्णा कुठल्याशा फलाटावर उभे होते, खांद्याला पिशवी, पाठीमागं गाडी, आणि ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं समोरच्याच्या तोंडाकडे बघत होते. स्मितानं तिकडे एकदाच पाहिलं. मग तिला तिथं उभं राहवेना आणि ती स्वयंपाकघरात गेली.

परातीत अजून पुष्कळ गरे होते. दर वर्षीचं वाटप बाकी होतं. तिनं डबे काढले. एक अक्कांचा, एक समोरच्या बिऱ्हाडाचा, एक आत्याबरोबर खानापूरला जायचा, एक सुशांतला ऑफिसात न्यायला. आठळ्या आमटीसाठी धुऊन ठेवल्या. हाताचा चीक तेलानं पुसला, तो गेला नाही, पुन्हा पुसला. सकाळपासून ती फणसात होती, पण अजून त्यातलं काही तिच्या पोटात गेलं नव्हतं. शेवटी परातीत एकच गरा उरला. चांगला होता, अखंड, रसरशीत. तिनं तो उचलला.

"डबा घ्यायला मीच आले," अक्का दारात उभ्या होत्या. "अण्णा वरून हाक मारायचे. आज हाक कोण मारणार, म्हटलं आपणच जावं." त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि डोळे पुसले. मग त्यांची नजर स्मिताच्या हातातल्या गऱ्याकडे गेली. "तू खाल्लास का गं? सकाळपासून राबतेयस."

स्मितानं दिवाणखान्यात बघितलं. मैत्रेयीची वाटी रिकामी झाली होती आणि ती बोटं चाटत होती. स्मितानं जाऊन तो शेवटचा गरा तिच्या वाटीत ठेवला आणि पदराला हात पुसत परत आली.

"हो अक्का," ती म्हणाली. "माझं झालं कापतानाच."

अक्कांनी मान डोलावली आणि डबा घेऊन त्या खाली गेल्या.